गस्तीच्या बोटीचे चार शाफ्ट

आमच्या मिस्त्रींना शेठनं फसवलं. शेठ म्हणजे ज्या मोठ्या कारखान्याकडून आम्हाला काम यायचं, त्याचे मालक. ते खोटं बोलले, मी ते खोटं माझ्या हातानं फॉर्मवर लिहून खाली सही केली, आणि तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस लेथवरून उतरला. ज्या वस्तूवरून हे झालं ती हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड होती. नौदलाच्या एका गस्तीच्या बोटीत ती बसली होती. बोट आता नाही. कागद अजून आहे.

मी मूळचा परांड्याकडचा. भोसरीत हेल्पर म्हणून लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते हे मिस्त्री. खेड तालुक्यातले, बोलणं शेवटपर्यंत गावचं. त्यांनी मला टूलला धार लावायला शिकवलं, मायक्रोमीटर कानाशी धरून खेळण्यासारखा फिरवला म्हणून एक रट्टाही दिला. पुढे मी जुना लेथ घेतला, भाड्यानं शेड घेतली आणि सगळ्यात आधी त्यांना जाऊन म्हटलं, चला. आले. माझ्याकडे पगारावर आले, पण मला शेठ कधी म्हणाले नाहीत. "तू" म्हणायचे आणि मला ते बरं वाटायचं.

धंदा मी भांडून उभा केला. कुणी मदत केली असं मी म्हणणार नाही, कारण केली नाही. दर ठरवताना मी खुर्चीवर बसत नसे, बसलं की माणूस मऊ होतो. माझा आवाज चढतो हे भोसरी-चाकणच्या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याला माहीत आहे. निम्म्या वेळा तो मी मुद्दाम चढवतो. उरलेल्या निम्म्या वेळा तो आपोआप चढतो आणि तेव्हाच माझं नुकसान होतं.

शेठकडून गस्तीच्या बोटीचं काम आलं तेव्हा आमच्या शेडवर आठवडाभर वेगळीच हवा होती. बोटीचं नाव आम्हाला कळलं नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नुसता नंबर होता. बोटीला दोन इंजिनं. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा एकेक पंप, तो शेठचा कारखाना बनवायचा. त्या पंपाच्या पोटात फिरणारा शाफ्ट आम्ही करायचा. दोन बसवायला, दोन जादा ठेवायला. एकूण चार.

मिस्त्रींनी त्या चार शाफ्टना इतका वेळ लावला की मी दोनदा ओरडलो. त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि म्हणाले, "आरं, दर्यात हे तुटलं तर त्यांनी काय भोसरीला यायचं का दुरुस्तीला?"

चारही झाले तेव्हा त्यांनी नेहमीची गोष्ट केली. सेंटर पंच घेतला आणि शाफ्टच्या तोंडावर, जिथे टोपीचा नट बसला की काही दिसत नाही तिथे, पहिल्याला एक ठिपका मारला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. ड्रॉइंगमध्ये असलं काही नसतं. पण जुने टर्नर करतात. त्यांच्या हातचा प्रत्येक मोठा जॉब असाच जायचा. मी एकदा विचारलं होतं, कशाला? म्हणाले, चांगला निघाला तरी माझा, वंगाळ निघाला तरी माझा, मंग लपवायचं कशाला.

दोनेक वर्षांनी त्या बोटीची मोठी दुरुस्ती निघाली. शेठच्या ऑफिसातून विचारणा आली की पुन्हा दोन शाफ्ट लागतील, पण दर कमी करा. मी नाही म्हटलं. स्टीलचा भाव चढला होता आणि मिस्त्रींचा वेळ मला माहीत होता. तीन दिवस ओढाताण झाली. चौथ्या दिवशी तिकडून फोन बंद झाला. मी समजलो की काम रद्द झालं. मनात म्हटलं, येतील परत. आले, पण वर्षभरानं आणि वेगळ्याच कामाला.

शेठनं मला बोलावून घेतलं. समोर बसवलं, चहा मागवला. मी बसलो, ही माझी पहिली चूक. म्हणाले, बोटीचा एक शाफ्ट भर समुद्रात तुटला, तुमच्या शेडचा आहे, वरून पत्र आलंय. कारण लिहून द्या, म्हणजे मी प्रकरण मिटवतो.

आता जो माणूस या पट्ट्यात कधी जॉबवर्क करत नाही त्याला हे सांगायला हवं. माल नापास झाला की कंपनी एक फॉर्म पाठवते. त्यात एक रकाना असतो, चूक कशामुळे झाली. दुसरा असतो, तुम्ही काय उपाय केला. "ही चूक आमची नाही" असं लिहायला त्यात जागाच नसते. म्हणून भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक लहान शेडवाला तिथे एकच वाक्य लिहितो: कामगाराचा निष्काळजीपणा, कामगारास समज दिली. खरं काय झालं ते कुणी शोधत नाही. फॉर्म जातो, माल पुन्हा सुरू होतो, कामगाराला तर कळतही नाही की त्याला समज मिळाली. मी हे वाक्य शंभर वेळा तरी लिहिलं असेल. माझी जीभ भांडते, पण हात त्या रकान्यात सवयीनं चालतो.

या फॉर्मला एक रकाना जादा होता. कामगाराचं नाव. मी तेही लिहिलं.

मी लिहीत असताना शेठ खिडकीबाहेर बघत होते. तुटलेला तुकडा दाखवा, असं मी म्हणालो नाही. मी, ज्यानं चार आण्यांचा वायसर नापास झाला तरी तो परत मागितला आहे.

शेडवर येऊन मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "तुकडा कुठं हाय?"

आमच्याकडे रीत आहे. नापास झालेला जॉब लाल रंगाचा पट्टा मारून परत येतो आणि ज्यानं केला त्याच्या मशीनवर ठेवला जातो. शिवी नाही, ओरडा नाही, नुसता ठेवायचा. तो माणूस तो उचलतो, मापतो, आणि मग जे काय ते बोलतो. हा तुकडा आला नव्हता. नुसता कागद आला होता.

मी म्हणालो, तुकडा नौदलाकडे आहे, तो कुठून आणू. ते म्हणाले, मग निदान विचार, किती ठिपके हायेत त्याच्यावर. चारातला कितवा गेला तेवढं तरी कळू दे. मी म्हणालो, विचारतो. विचारलं नाही. त्या वेळी शेठचं काम म्हणजे माझ्या शेडचा निम्म्याहून जास्त गाडा होता, आणि मिटलेलं प्रकरण उकरायचं नाही असं मी ठरवलं होतं.

पंधरा दिवसांनी शेठकडचा तपासनीस आला आणि म्हणाला, या माणसाच्या हातचा कुठलाही जॉब आता आम्ही घेणार नाही, वर नाव गेलंय. मी मिस्त्रींना म्हटलं, सहा महिने ड्रिलवर, नुसती भोकं पाडायच्या मशीनवर काढा, मग बघू. त्यांनी लेथ पुसला, तेल सोडलं, आपला मायक्रोमीटर डबीत घातला. जाताना एवढंच म्हणाले, "म्या केलेलं असंल तर दाव. न्हाई तर मला काय बोलू नगंस."

पट्टा लांबून मोठा दिसतो, आतून गाव आहे. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या शेडनं त्यांना बारीक मापाचं काम दिलं नाही. आळंदीला एका मंगल कार्यालयात ते जनरेटर सांभाळायला लागले. लग्नात वीज गेली की चालू करायचा, आली की बंद. मी कधी तिकडे गेलो तर नदीच्या बाजूनं वळून जायचो.

पंधरा-सोळा वर्षं अशी गेली. माझ्या दोन शेड झाल्या, दुसरी मुलगा बघतो. शेठचं काम मी हळूहळू सोडलं, की त्यांनी मला सोडलं, हे नीट सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी चाकणला एका कंपनीच्या गेटवर माझा टेम्पो अडला. मालाबरोबरच्या चलनावर खाडाखोड होती. सिक्युरिटीचा सुपरवायझर, पांढऱ्या मिशांचा, कोकणातला माणूस, शांतपणे म्हणाला की नवीन चलन आणा. मी खाली उतरलो आणि माझ्या पद्धतीनं सुरू झालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे सरकवली.

"बसा काका. मी बावीस वर्षं इंजिनरूममध्ये होतो. तिथल्या आवाजापुढे तुम्ही म्हणजे पाळण्यातलं पोर."

पाठीमागच्या ट्रकवाल्यांना हसू आलं. मी बसलो. चलन यायला तास लागणार होता. कुठली इंजिनरूम, असं विचारलं. तर तो नौदलातला. शेवटची आठ वर्षं गस्तीच्या बोटीवर. मी सहज विचारावं तसं नंबर विचारला. त्यानं सांगितला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला तो नंबर इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यात होता. मी त्याला काही बोललो नाही. सौद्यात समोरच्याला आपली गरज कळू द्यायची नसते, ही सवय मला तिथेही सुटली नाही. नुसतं म्हटलं, सांगा की बोटीबद्दल, वेळ आहे.

त्यानं सांगितलं. पहिल्यांदा मला त्या बोटीचं आयुष्य कळलं. मी समजत होतो की नौदलाची बोट म्हणजे तोफा आणि लढाई. तो म्हणाला, लढाई एकही नाही. तोफ झाडली ती फक्त सरावाला. किनाऱ्याला समांतर वर जायचं, खाली यायचं. मच्छीमारांचे कागद तपासायचे. तेलाच्या विहिरींच्या भोवती फेऱ्या घालायच्या. वादळाची सूचना आली की लहान होड्यांना हाकत बंदरात आणायचं, आणि ती पोरं वर शिव्या देणार की मासा हातचा गेला. बेटावरच्या दीपस्तंभाच्या माणसांना एकदा पीठ आणि औषधं नेऊन दिली, त्यांची होडी आली नव्हती म्हणून. बुडालेल्याचं प्रेत शोधत चार दिवस फिरले, सापडलं नाही, आणि चौथ्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्याच्या बापाला ते कुणी सांगायचं यावरून बोटीवर भांडण झालं.

"आमची बोट म्हणजे वॉचमन," तो म्हणाला. "चोर आला नाही तर कुणी म्हणत नाही की वॉचमन चांगला होता. आता मी इथे बसतो ना, तेच काम." निवृत्त झाल्यावरही बोटीचं निशाण उतरवायच्या दिवशी तो स्वतःच्या खर्चानं गेला होता. सूर्य मावळताना निशाण खाली आलं, बिगुल वाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती नुसती लोखंड. पुढे लिलावात भंगारवाल्यानं घेतली.

मग मी विचारलं की समुद्रात कधी इंजिन बंद पडलं होतं का. तो म्हणाला, एकदाच. पावसाळ्याच्या शेवटी एका ट्रॉलरला दोर बांधून ओढत आणत होते. ट्रॉलरवर अकरा माणसं, त्याच्यात पाणी भरत होतं. लाटा डोक्याएवढ्या. मध्येच उजव्या इंजिनाचा पंप गेला. इंजिन तापलं, बंद करावं लागलं. एका इंजिनावर बोट दोर धरून राहीना. दोर सोडला असता तर अकरा जण गेले असते. या माणसानं आणि आणखी एकानं कमरेला दोरी बांधून स्वतःला पाइपला अडकवून घेतलं, पंप उघडला, तुटलेला शाफ्ट काढला आणि पेटीतला जादा शाफ्ट घालून दोन तासांत इंजिन सुरू केलं. अकराही माणसं आली.

मी विचारलं, "तो जो नवीन घातलात, त्याच्या तोंडावर काही खूण होती का?"

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "तीन ठिपके होते. बोट हलत होती, मी तोंड कुठलं ते बोटानं चाचपून बघत होतो, म्हणून लक्षात आहे. तुम्हाला कसं माहीत?"

"आणि तुटला त्याला?"

"काही नव्हतं. गुळगुळीत. त्याच्या स्टीलमध्येही राम नव्हता, काका. आम्ही तेव्हाच म्हणालो, ही दोन वेगळ्या घरची लेकरं आहेत. पण आम्हाला कोण विचारतो."

चलन आलं, टेम्पो आत गेला. मी गेटवरच बसून राहिलो. मला सगळं दिसलं. मी दर कमी केला नाही तेव्हा शेठनं ते दोन शाफ्ट दुसरीकडे, स्वस्त स्टीलमध्ये करून घेतले. मंजूर शेड म्हणून कागदोपत्री नाव आमचंच होतं, म्हणून पहिल्या चार शाफ्टसोबत दिलेलं आमचंच जुनं तपासणीपत्र त्यांना जोडलं. दुरुस्तीत आमचे चांगले शाफ्ट काढून ते बसवले. आणि तुटल्यावर ज्याचं नाव कागदावर होतं त्याच्याकडूनच कबुली लिहून घेतली.

पण दिसलं म्हणून काय. सिक्युरिटीवाल्याच्या आठवणीवर शेठ हसले असते, आणि त्यांच्या जागी मीही हसलो असतो. मला लोखंड हातात हवं होतं. आम्ही चारच केले होते. चारही साबूत मिळाले, तर तुटलेला पाचवा कुणाचा?

सुपरवायझरनं ओळखी काढल्या, मी माझ्या काढल्या. बोट मुंबईला तोडली गेली, तिचे तुकडे चार दिशांना गेले. पंपांची बॉडी गनमेटलची, म्हणजे ओतकाम करणाऱ्यांना हवी असलेली. शेवटी ती सापडली कुठे, तर चिखलीच्या बाजूला, कुदळवाडीच्या एका भंगाराच्या गोडाऊनमध्ये. माझ्या शेडपासून दुचाकीनं पंधरा मिनिटं.

मी तिथे जाऊन पंपांकडे पाहिलंही नाही. आधी तांब्याच्या पाइपांचा भाव विचारला आणि नाक मुरडलं. मग जाता जाता पंपांना लाथ लावून विचारलं, हे काय. गोडाऊनवाला म्हणाला, नेव्हीचा माल आहे भाऊ, असा माल बघायला मिळणार नाही. मी म्हणालो, बघायला नको, वितळवायला हवाय. शेजारी एक लाकडी पेटी होती, वर बोटीचा नंबर रंगवलेला. आत ग्रीसच्या कागदात काहीतरी गुंडाळलेलं. मी म्हणालो, हा कचरा पण टाक त्याच्यात, नाही तर मी चाललो. त्यानं मला दोन शिव्या दिल्या आणि पेटी टेम्पोत टाकली.

शेडवर आणून पेटी उघडली. एक ठिपका. दोन ठिपके. दोन्ही शाफ्ट चकचकीत, नुसते थोडे झिजलेले, दुरुस्तीत काढून ठेवलेले. मग पंप उघडले. टोपीचा नट जाम झाला होता, तो कापावा लागला. उजव्यात तीन. डाव्यात चार, म्हणजे तिकडचाही स्वस्तातला पुढे बदलला असणार. बोट भंगारात निघाली त्या दिवसापर्यंत तिची दोन्ही इंजिनं मिस्त्रींच्या शाफ्टवर चालत होती.

मी ते चारही पोत्यात बांधले आणि आळंदीला गेलो. या वेळी सरळ रस्त्यानं. कार्यालयात लग्न लागत होतं, मिस्त्री मागे जनरेटरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खूप वाळले होते. मी आवाज दिला तर म्हणाले, "कोण?" मी समोर उभा होतो. एका डोळ्याचं त्यांना जवळजवळ काही दिसत नाही आणि दुसऱ्याचं डॉक्टरनं सांगून ठेवलंय की जातंय.

मी शाफ्ट एकेक करून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी बघितलं नाही. अंगठा तोंडावरून फिरवला. एक. दोन. तीन. चार. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून. मंडपातून मंगलाष्टकांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, ट्रॉलरचं, अकरा माणसांचं. ते ऐकत होते. मला वाटलं होतं की ते रडतील किंवा मला मारतील. दोन्हीची तयारी ठेवून गेलो होतो.

"मला हे दावून काय उपेग?" ते म्हणाले. "मला ठावं हुतंच. ठावं न्हवतं त्यो तू."

मी म्हणालो, चूक झाली. ते म्हणाले, व्हय, झाली. मग म्हणाले, "बोट मोडली, मंग त्यो कागद बी मोडला आसंल न्हवं?" मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, नाही मिस्त्री, बोटीची फाइल राहते. त्यात तुमचं नाव आहे.

"मंग तितं दुसरा कागद लावा," ते म्हणाले. "आन लवकर लावा. माझं मला वाचता येतंय तवर."

त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. मी पैशाचा विषय काढला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात वीज गेली म्हणून ते जनरेटर सुरू करायला उठले.

शेठचा कारखाना आता चाकणला आहे. मी वेळ न घेता गेलो. बाहेरच्या दालनात काचेच्या पेटीत त्या गस्तीच्या बोटीची लहान प्रतिकृती ठेवली आहे. भिंतीवर तिचा फोटो, खाली तिच्या सेवेची माहिती, आणि शेवटी लिहिलंय की तिच्या अखंड सेवेत आमच्या पंपांचा वाटा. ते वाचतानाच माझं डोकं फिरलं होतं, पण मी आवाज चढवायचा नाही असं ठरवून आत गेलो. चारही शाफ्ट टेबलावर ठेवले. बसलो नाही.

शेठनं ओळखलं. थकलेत तेही, पण बोलणं तसंच. म्हणाले, "अहो, ती बोट आता कुणाच्या तरी घरात तवा झाली असेल. आता कशाला?"

मी म्हणालो, आम्ही चार केले, चार इथे आहेत. तुटलेला कुणाचा?

त्यांनी एक शाफ्ट उचलला, फिरवला, परत ठेवला. "फॉर्म कुणी भरला?"

"मी."

"नाव कुणी लिहिलं?"

"मी."

"सही?"

"माझीच."

"मग राव, भांडण कुणाशी करताय?"

पस्तीस वर्षं दर पाडलेत, दर चढवलेत, पण माझ्याच सहीशी भांडायची वेळ पहिल्यांदा आली. मग ते मऊ झाले. म्हणाले, नव्या लाइनचं काम निघालंय, उद्या तुमच्या मुलाला पाठवा, बघू काहीतरी. हा भाव होता. मी भाव ओळखतो. आणि लपवून काय करू, दारापर्यंत जाईस्तोवर मी त्याचा हिशोब मनात केलाही. दारात थांबलो, परत आलो आणि टेबलावरचे शाफ्ट उचलले. तेव्हा आवाज चढला. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेरचे लोक उठून आत आले आणि मला धरून गेटपर्यंत सोडलं.

मी मग स्वतःच नौदलाच्या कचेरीला लिहिलं. त्यात माझं जे होतं ते लिहिलं: की मी तुकडा न पाहता कारण लिहिलं, की माणसाचं नाव सवयीनं घातलं, की ते खोटं आहे. ठिपक्यांचे फोटो जोडले. सुपरवायझरनंही आपलं दोन पानी लिहून सही केली, वर म्हणाला, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका काका. उत्तर आलं. सभ्य भाषेत आलं. मूळ नोंद ज्या पुरवठादाराकडून आली त्यानंच दुरुस्तीपत्र द्यायला हवं, दुसऱ्या कुणाच्या पत्रावर नोंद बदलता येत नाही. पुरवठादार म्हणजे शेठ.

म्हणून हे लिहितोय, कारण पत्रांना ते उत्तर देत नाहीत आणि गेटवर माझा फोटो लावून ठेवलाय असं सुपरवायझरच्या ओळखीचा तिथला माणूस सांगतो.

शेठ, माझी सही मी नाकारत नाही. माझ्या वाटणीचं मी त्या माणसाच्या तोंडावर कबूल करून आलोय, आणि ते मला जन्मभर पुरेल. आता तुमच्या वाटणीचं. ते दोन शाफ्ट कुणाच्या लेथवर झाले? आमचं तपासणीपत्र त्यांना कुणी जोडलं? तुटलेला तुकडा तुमच्या ऑफिसात आला होता की नाही, आणि आला होता तर मी फॉर्म भरत असताना तुम्ही खिडकीतून बाहेर का बघत होतात? एक पत्र लिहायला अर्धा तास लागतो. डॉक्टरनं मिस्त्रींच्या डोळ्याची मुदत सांगितलेली नाही. बोला शेठ, कधी लिहिताय?